शेरूनं तोंड फिरवलं होतं

संपादकांनी फोन केला तेव्हा त्यांना माझ्याकडून हलकंफुलकं काहीतरी हवं होतं. "तुमच्या दुकानात कुत्रेवाले येतात, त्यांच्या गमती लिहा. कुणी कच्चं मटण घालतं, कुणी डॉगफूडच्या गोळ्या घालतं. वाचक जरा हसतील." दरवर्षी मी या दिवाळी अंकात कोंबड्यांच्या मरतुकीवर नाहीतर गाभण गाईच्या खुराकावर लिहितो. ते आजवर कुणी हसत वाचलेलं नाही, हेच त्यांना सुचवायचं होतं.

मी हो म्हणालो. गमती आहेत, त्या सांगतोच. पण हा लेख मी लिहितोय तो एका कुत्र्यासाठी, जो माझ्या दुकानातला माल खाऊन मेला, आणि एका म्हाताऱ्या माणसासाठी, ज्याच्या माथी मी त्याचं मरण मारलं. सात वर्षं मी यातलं अक्षर कुणाजवळ काढलं नाही. मुळात मी कमी बोलणारा. समोरच्याचं ऐकून घ्यायचं आणि काट्याकडं बघत राहायचं, ही माझी दुकानदारीची रीत. लोक म्हणतात, माणूस शांत आहे. त्या शांतपणाचा मला किती उपयोग झाला, ते आता लिहितो.

हिंगोलीत मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या रस्त्याला माझं पशुखाद्याचं दुकान आहे. सरकीची ढेप, सुग्रास, कोंबड्यांचं खाद्य, मिठाच्या विटा. कुत्र्याचं खाणं दुकानात ठेवावं लागेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. आमच्याकडं कुत्रा म्हणजे दारात येणारा, उरलीसुरली भाकरी खाणारा. मग गावात नोकरदारांनी पट्ट्याची कुत्री आणली, आणि एक दिवस एका गिऱ्हाइकानं विचारलं, "डॉगफूड आहे का?" नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात होतं.

ज्यांच्या घरी कुत्रा नाही त्यांच्यासाठी सांगतो. डॉगफूड म्हणजे मका, तांदूळ, कोंबडीच्या मांसाची भुकटी, तेल आणि जीवनसत्त्वं एकत्र मळून, यंत्रात तापवून-दाबून काढलेले कोरडे दाणे. पोंगे होतात तसाच प्रकार. त्याचा सगळा गुण कोरडेपणात. कोरडं आहे तोवर महिनोन्महिने टिकतं, आणि ओल लागली की त्याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही. दुसरा पंथ कच्च्याचा. कच्चं मांस, काळीज, हाडं. त्यांचं म्हणणं, कुत्र्याचे दात बघा, ते काय मका चावायला दिलेत का? दोन्ही पंथांची माणसं माझ्या काउंटरवर तावातावानं भांडलेली आहेत, आणि मी दोन्ही बाजूंची वकिली केलेली आहे. समोर कोण उभं आहे ते बघून.

औंढ्याचं एक घर माझं जुनं गिऱ्हाईक. देवळाच्या सेवेतलं घर, कांदा-लसूणही बेताचाच. मुलानं शहरातून लॅब्राडोर आणून आईवडिलांच्या गळ्यात घातला आणि स्वतः परत गेला. काकू पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा त्यांनी पोत्याला हात न लावता, लांबूनच विचारलं, "ह्यात तसलं काही नाही ना हो?"

पोत्यावर हा एवढा कोंबडा छापलेला होता. मी पोतं फिरवून भिंतीकडं केलं आणि म्हणालो, "काकू, कारखान्यात होतं हे. सगळं भाजून."

"भाजून होय? मग चालेल." जरा थांबून म्हणाल्या, "एकादशीला मात्र मी त्याला भगरच देणार. घरात राहायचं तर घरासारखं राहायला पाहिजे."

तो लॅब्राडोर एकादशीची भगर ताट चाटून पुसून खायचा. काकूंना माहीत नव्हतं असं मला नाही वाटत. त्यांना कुणीतरी 'नाही' म्हणायला हवं होतं, आणि ते मी म्हणालो.

दुसरे एक बँकेतले साहेब, बदलून आलेले. त्यांच्याकडं चपट्या नाकाचं, घोरणारं कुत्रं. साहेब मोबाइलवर बघून त्याला सगळं कच्चं द्यायचे, तेही ग्रॅमवर तोलून. त्यांच्या बाई एकदा दुकानात म्हणाल्या, "माझ्या डब्यात काय असतं ते यांना विचारा. सांगता यायचं नाही. कुत्र्याचं तोंडपाठ." मे महिन्यात आमच्याकडची वीज जाते, फ्रीज बंद पडतो, आणि कच्च्या मांसाचं काय होतं ते मी वेगळं सांगायला नको. कुत्रं आठ दिवस हगवणीनं हैराण. तरी मी साहेबांना म्हणालो, "कच्चं चांगलंच साहेब, फक्त ही कॅल्शियमची पावडर वरून टाकत जा." पावडर माझ्याकडं होती.

यातलं कुठलंच खोटं मोठं नव्हतं. तोंडात विरघळून जाईल एवढं एवढंसं. पण अशानं जीभ सरावते, आणि मोठं खोटं बोलायची वेळ आली की अडखळत नाही.

संगीता एसटीत कंडक्टर. कनेरगाव नाक्याजवळच्या एका तांड्यावरची पोरगी, नोकरी लागली म्हणून हिंगोलीत डेपोच्या मागं खोली करून राहायची. तिच्याकडं शेरू होता. तांड्यावरच्याच कुत्रीचं पिल्लू, तपकिरी रंगाचं, एक कान उभा आणि एक पडलेला. गाडी मुक्कामी असली की शेरूला ती तांड्यावर वडिलांकडं सोडायची, थावरूबापूंकडं. बाकीचे दिवस तो खोलीवर. ड्युटी करून आल्यावर कुत्र्यासाठी रांधायला अंगात त्राण कुठून आणायचं? म्हणून ती माझ्याकडून सुटा दाणा न्यायची, दर आठवड्याला दोन किलो. मोठं पोतं तिच्या खोलीत मावायचं नाही आणि एकट्या कुत्र्याला संपायचंही नाही. अशा गिऱ्हाइकांसाठी मी पोतं फोडून झाकणाच्या पिंपात ओतून ठेवत असे.

थावरूबापूंच्या पिढ्या बैलांच्या पाठीवर माल लादून मुलूख पालथा घालणाऱ्या. बैलांच्या राखणीला कुत्री. ते सगळं गेलं, शेती आली, पण बापूंच्या घरातली एक रीत राहिली होती. बोकड कापला की पहिला वाटा कुत्र्याचा काढायचा, मग माणसांचे. कलेजीचा तुकडा, फुफ्फुस, आतडं, सगळं कच्चं, आणि ते बापू हातानं भरवायचे. ताटलीत टाकणं म्हणजे त्यांना कुत्र्याचा अपमान वाटायचा.

एकदा बापलेक दोघं दुकानात आले आणि भांडण माझ्यापुढं मांडलं.

"काका, तुमीच सांगा ह्यायला," संगीता म्हणाली. "मी इकडं मोजून-मापून गोळ्या घालते, आन् हा तिकडं आतडे भरवून राहिला."

बापूंनी पिंपात हात घालून चार दाणे उचलले, तळहातावर फिरवून बघितले. "शेट, हे तं बकरीच्या लेंड्यावानी दिसते. कुत्रं खाते का हे?"

"आवडीनं खातं, बापू."

"भुकेला असल तं मी बी खाईन."

संगीताला हसू आलं. मलाही. पण मग मी बापूंना कच्च्यातला धोका सांगितला, आणि तो खरा होता. बोकडाच्या काळजावर, फुफ्फुसावर कधीकधी पाण्याचे फोड असतात. ते कुत्र्यानं कच्चे खाल्ले की त्याच्या पोटात बारीक जंत होतात, त्यांची अंडी विष्ठेतून पडतात आणि लेकराबाळांच्या पोटात जाऊन माणसाच्या काळजात तसेच फोड होतात. बापूंनी नीट ऐकून घेतलं. "फोडाचं मी देतच न्हाई," म्हणाले. "फोड दिसला की पुरून टाकतो. माझ्या बानं शिकवलं हाय." बस एवढंच बोलले. माझ्या दुकानाच्या पाटीवर 'पशुआहार सल्ला मोफत' असं लिहिलेलं आहे. त्या माणसाला सल्ल्याची गरज नव्हती, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्या श्रावणात गोदामाच्या पत्र्याचा एक खिळा ढिला झाला आणि थप्पीच्या तळाची डॉगफूडची दोन पोती भिजली. ते माझ्या लक्षात आलं तेव्हा चार-सहा दिवस होऊन गेले होते. पोत्याचं तोंड उघडलं, कुबट वास आला, दाण्यांवर जागोजाग पांढरी-हिरवी लव.

आता आमचं गाव कशाचं आहे ते ध्यानात घ्या. हिंगोलीत हळद शिजवून वाळवतात, वाळली की ढोलात घालून घासतात, आणि मातकट कांडी सोन्यासारखी होऊन बाहेर येते. सोयाबीन भिजलं, वाळवा. हरभऱ्याला वास आला, ऊन दाखवा. उन्हानं माल सुधारतो, यावर या गावात कुणाचाच संशय नाही. माझे वडील मोंढ्यात हमाल-मापाडी होते, मी लहानपणापासून तेच बघत आलो. मी उघडीप बघून दोन्ही पोती गच्चीवर ताडपत्रीवर पसरली. चार दिवस फावड्यानं खालीवर केली. लव झडली, वास बराच गेला. मग चाळणीनं भुकटी काढून टाकली आणि उरलेला दाणा नव्या पोत्यात निम्मा-निम्मा मिळवला, मोंढ्यात ओल्या मालाची मिळवणी करतात तशी. मग तो पिंपात ओतला. संगीताचे त्या आठवड्याचे दोन किलो त्यातूनच गेले.

मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. बुरशी लागलेल्या मक्यानं कोंबड्या कशा मरतात हे मी याच अंकात दोनदा लिहिलंय. बुरशी झडते, तिचं विष दाण्यात तसंच राहतं, उन्हानं ते जात नाही, हे वाक्य माझ्याच लेखातलं आहे. पोल्ट्रीवाल्यांना मी ते काउंटरवर बोट आपटून सांगायचो. पण ती कोंबडी, हा कुत्रा. ते दुसऱ्याचं खाद्य, ही माझी दोन पोती.

चौथ्या-पाचव्या दिवशी संगीताचा फोन आला. "काका, शेरू खात न्हाई. वास घेतो आन् तोंड फिरवतो. पयले तं असं कधी केलं न्हाई."

तेव्हा एक शब्द पुरे होता. 'टाकून दे.' एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "नखरे असतात त्यांचे. तांड्यावर कच्च्याची चटक लागली आहे त्याला. दोन दिवस दुसरं काही देऊ नकोस. भूक लागली की मुकाट्यानं खाईल."

तिनं दोन दिवस त्याला उपाशी ठेवलं. तिसऱ्या दिवशी फोन आला, आवाजात आनंद. "खाल्लं काका! सगळं खाल्लं!"

"बघ," मी म्हणालो, "शिस्त लागली."

तो दहा-बारा दिवस खात राहिला. पुढच्या रविवारी ती त्याला तांड्यावर सोडून गेली. बापूंनी बघितलं, कुत्रं सुकलंय, चालताना झोक जातोय. त्या दिवशी तांड्यावर बोकड पडला होता. बापूंनी रीतीप्रमाणं कलेजीचा तुकडा काढला आणि हातानं भरवला. शेरूनं खाल्ला, आणि संध्याकाळी ओकला. सोमवारी संगीता आली तर तो उठेना. तिनं त्याचा ओठ वर करून बघितला, हिरड्या पिवळ्या. ती बापूंना म्हणाली, "हळद चारली का ह्यायला?" आमच्याकडं माणसाला पडसं झालं, हळद. बैलाच्या खांद्याला लागलं, हळद. हळदीच्या गावात पिवळं दिसलं तर दुसरं काही मनात येत नाही. बापू म्हणाले, दुधात चिमूटभर घातली होती, बाधू नये म्हणून. दोघांनाही वाटलं, तोच रंग आहे. एक दिवस तसाच गेला.

मंगळवारी ती त्याला रिक्षात घालून माझ्या दुकानी घेऊन आली, बापू बरोबर. मी खिशातला रुमाल काढून शेरूच्या हिरड्यांवरून फिरवला. रुमाल पांढराच राहिला. हळद पुसली जाते. हे आतून आलेलं होतं. कोंबड्या चिरून मी किती पिवळी काळजं बघितली आहेत. रुमालाची नीट चौकोनी घडी करून मी खिशात ठेवली.

आम्ही त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी सलाइन लावलं, डोळे बघितले, म्हणाले, "कावीळ आहे. यकृत गेलेलं दिसतंय. काय खायला घालता? दाण्याचा नमुना घेऊन या." दुकान जवळच. मी गेलो. पिंपाचं झाकण उघडलं, बंद केलं, आणि नवं सीलबंद पोतं फोडून त्यातला ओंजळभर दाणा पिशवीत भरून नेला. डॉक्टरांनी तो नाकाशी धरला, बोटांत चुरला. "ह्यात तर काही दिसत नाही."

डॉक्टर कुणाला आणखी काही विचारायच्या आत मी बोललो. मी, जो कुणी विचारल्याशिवाय बोलत नाही. "डॉक्टर, रविवारी ह्यांनी कच्ची कलेजी चारली आहे."

डॉक्टरांनी 'त्यानंच झालं' असं म्हटलं नाही. ते म्हणाले, रक्त तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. पण त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. संगीता बापूंकडं बघत होती. बापू दारात उभे होते, पटका काढून हातात घेतलेला, आणि स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत होते.

शेरू गुरुवारी सकाळी गेला. त्याला तांड्यावर नेला. बापूंनी बांधावर खड्डा खणला. संगीता सगळ्या तांड्यादेखत बापाला म्हणाली, "म्या सांगलं होतं का न्हाई, गोळ्यांबिगर काही देऊ नको म्हणून? तूच मारलं माझ्या लेकराला. तुझ्या हातानं मारलं." हे मला दुसऱ्यांकडून कळलं. मी गेलो नव्हतो. मी त्या सकाळी पिंपातला दाणा पोत्यात भरून उकिरड्यावर नेऊन जाळत होतो. सुटा दाणा नेणाऱ्या बाकीच्या गिऱ्हाइकांना मी 'जुना लॉट आहे' म्हणून माल बदलून दिला. दोन कुत्री ओकली होती, वाचली. लोकांनी माझे आभार मानले.

त्यानंतर बापूंनी कुत्रं पाळलं नाही. त्यांच्या दारात कुत्रं नाही असं कुणाच्या आठवणीत नव्हतं. बोकड पडला की पहिला वाटा निघायचा बंद झाला. तांड्यावरचे लोक थट्टा करायचे, "बापू, आमच्या कुत्र्याला हात लावू नको बरं, तुझा हात भारी हाय." बापू हसायचे म्हणे. मी सुटा माल विकायचा बंद केला, थप्पीखाली लाकडी फळ्या टाकल्या, पत्रा नवा घातला. लोक म्हणाले, दुकान सुधारलं. दोष झाकून झाला की माणूस किती नीटनेटका होतो.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी बापू दुकानात आले. सात वर्षांत पहिल्यांदा. पाठ वाकलेली, हातात एक घडी घातलेला कागद. संगीतानं पिल्लू आणलं होतं आणि तिला लांब पल्ल्याच्या गाडीची ड्युटी लागली. घरमालक कुत्रं ठेवू देईना. नाइलाजानं तिनं पिल्लू बापाकडं ठेवलं, आणि बरोबर हा कागद.

"शेट, हे वाचून दाखव. काय द्यायचं न्हाई ते लिवलं हाय. तांड्यावर पोरायला वाचायला लावलं तं हासते."

संगीताचं अक्षर टपोरं. मी वाचलं. "सकाळी एक वाटी गोळ्या, संध्याकाळी एक वाटी. पाणी उकळून गार केलेलं. दूध नाही. हळद नाही. कच्चं मांस नाही. कलेजी नाही." आणि मी कागदाची घडी घातली.

"आजून एक वळ हाय खाली," बापू म्हणाले. "काळं दिसून राहिलं तिथं."

"काही विशेष नाही बापू."

"वाच ना. मला काहून लपवतो?"

मी घडी उघडली. वाचलं, "बापूनं हातानं काही भरवू नये."

बापूंनी मान हलवली. "बराबर हाय तिचं," म्हणाले. मग जरा पुढं वाकून, हळू आवाजात विचारलं, "शेट, ह्या गोळ्या वाटीनं टाकतानी हात लागला तं चालते का? का चमच्यानं टाकू?"

मी गोळ्यांचं सीलबंद पोतं त्यांच्या रिक्षात ठेवून दिलं. पण ती 'चमच्यानं टाकू का' एवढी ओळ घेऊन मी घरी गेलो, आणि जेवताना माझा घास हातातच राहायला लागला. चार दिवस असे काढले. पाचव्या दिवशी दुकान उघडलंच नाही. कनेरगावची गाडी धरली.

बापू अंगणात बाजेवर बसले होते. पिल्लू खाली, त्यांच्या पायापासून हातभर लांब बांधलेलं. मी सगळं सांगितलं. पोती, गच्ची, चाळणी, फोन, रुमाल, नमुना. एकही गोष्ट मागंपुढं केली नाही. माझं झाल्यावर त्यांनी पिल्लाकडं बघितलं.

मग म्हणाले, "म्हंजे शेरूनं तोंड फिरवलं होतं."

"व्हय."

"त्याला कळलं होतं. आन् आपण त्याला उपाशी ठेवलं."

"आपण नाही बापू. मी."

"मी देली ती कलेजी..."

"कलेजीत काही नव्हतं. ती दिली नसती तरी तो गेला असता."

बापूंनी दोन्ही तळहात गुडघ्यांवर उपडे ठेवले. मला वाटलं रडतील, नाहीतर मारतील. दोन्हीतलं काहीही मी घेतलं असतं. ते म्हणाले, "शेट, तू शिकलेला माणूस. सात वर्ष कसं ऱ्हायला रे गप? मला तं पोटात दुखलं तरी सांगितल्याबिगर ऱ्हावत न्हाई." त्यात राग नव्हता, खरंच प्रश्न होता. मग त्यांनी मला उठायची खूण केली. "मला काय सांगतो? मी तं म्हाताराच हाय. जा, संगीताला सांग. आज दुपारची गाडी हाय तिची."

डेपोत ती गाडी लागायची वाट बघत कॅन्टीनमध्ये बसली होती, तिकिटाचं यंत्र टेबलावर. मी समोर बसून तेच सगळं परत सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जास्त अवघड गेलं.

ती म्हणाली, "दोन दिवस मी त्याला उपाशी ठेवलं. तुमी म्हणले म्हणून."

"व्हय."

"माझ्या पायाशी येऊन बसायचा. मी त्याला ओरडायची, नखरे करू नको म्हणून." तिनं यंत्र जवळ ओढलं. "खाल्लं तवा मी तुमाला फोन केला. काय म्हणले होते तुमी, आठवते का?"

"म्हणलो, शिस्त लागली."

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. ती उठली नाही.

"मला माफ कर पोरी," मी म्हणालो.

"मला तुमची माफी न्हाई लागत काका. बापूला मी सगळ्या तांड्यादेखत बोलले. कागदावर काय लिवलं ते तुमीच वाचून दाखवलं त्याला, म्हणे. आन् तुमी इथं कॅन्टीनच्या कोपऱ्यात येऊन मला कानात सांगून राहिले. हे बराबर न्हाई." ती उभी राहिली, यंत्र गळ्यात अडकवलं. "तुमी त्या दिवाळीच्या पुस्तकात लिहिता ना दरवर्षी? कोंबड्याचं, गाईचं? त्यात लिहा. तुमच्या नावानं. अंक आला की मी तांड्यावर सगळ्यायसमोर वाचून दाखवते बापूला. एक वळ गाळायची न्हाई."

ती गाडीकडं गेली. दोनदा घंटी वाजली, गाडी निघाली.

संपादकांचा फोन त्यानंतरच्या आठवड्यातला. हलकंफुलकं हवं होतं त्यांना. मी हो म्हणालो, कारण मला जागा हवी होती. लेख वाचून ते म्हणाले, "अहो, गिऱ्हाइकं तुटतील. थोडं सौम्य करू, नाव घालू नका." मी म्हणालो, नाव घाला, नाहीतर लेख परत द्या. दुकानाचं काय होईल ते होईल. माझ्याकडून कधीकाळी सुटा दाणा नेलेल्यांनी हवं तर येऊन मला विचारावं. मी काउंटरवरच असतो, आणि आता विचारलेल्याचं उत्तर देतो. औंढ्याच्या काकूंना मी पोत्यावरचा कोंबडा दाखवला. "माहीत होतं मला," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही एवढ्या उशिरा कशाला सांगितलं?"

कच्चं बरं की दाणा बरा, हे विचारणारे येतील म्हणून तेही लिहून ठेवतो. ताजं, स्वच्छ आणि उकळलेलं असेल तर मांस बरं. कोरडा, सीलबंद आणि वास न आलेला असेल तर दाणा बरा. आणि कुत्र्यानं तोंड फिरवलं तर आधी त्याचं ऐका, दुकानदाराचं मागून.

संगीता, तुझ्या कागदावरची शेवटची ओळ मी गाळायला बघत होतो, ती बापूंनी माझ्याकडून वाचून घेतली. आता ही माझी शेवटची ओळ तू सगळ्या तांड्यासमोर मोठ्यानं वाच. बापू, शेरू माझ्या हातानं मेला, तुमच्या नाही. पिल्लाला आता पक्के दात आले असतील. पुढचा बोकड पडला की पहिला वाटा त्याचा काढा, कलेजीला दोन उकळ्या येऊ द्या, गार करा, आणि चमचा ठेवून द्या. तुमच्या हातानं भरवा.